कोपऱ्यातली दोन अक्षरं

सोमवार, ४ मार्च

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर आईचं आहे, आतलं माझं. मागची दोन पत्रं तू माझं अक्षर बाहेरूनच ओळखून, न फोडता परत पाठवलीस, म्हणून ही लबाडी. आईला म्हटलं, माझा अंगठा दुखतोय, पत्ता तू लिही. तिने भिंग घेऊन वीस मिनिटं लावली आणि पाकीट माझ्या हातात देताना विचारलं, "अंगठा दुखतोय तर आतलं कोणी लिहिलं?" तिला गंडवणं आपल्या दोघींना अजून जमलेलं नाही.

वरती आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तुला ते माझ्याकडून चालतील का माहीत नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे.

आई बरी आहे. तिला नवी कवळी बसवून दिली. घरात कोणी आलं की घालते, नाहीतर माझ्यावर ओरडायचं असलं की. एरवी कवळी वाटीत आणि वाटी कपाटावर. तुझा विषय निघाला की मात्र ती आधी कवळी काढून ठेवते, म्हणजे बोलायला नको.

माझं म्हणशील तर आता तीन दिवस दवाखाना आणि दोन दिवस संस्था. दातांच्या दवाखान्यात नर्स होऊ बघणाऱ्या मुलींना शिकवते. विषयाचं नाव ऐकून हसू नकोस: रुग्णाची गरज आणि आपलं बोलणं. मुलींना सांगते की खुर्चीत बसतं ते माणूस असतं, दाढ नव्हे. कोणाला आडवं केलं की दम लागतो, कोणाला लाळ ओढणाऱ्या नळीच्या आवाजाने घाम फुटतो, कोणी लाजेने आपल्याला वाचता येत नाही हे सांगत नाही आणि भलत्याच कागदावर सही करून मोकळं होतं. आधी विचारा, मग हात लावा. मी छान शिकवते असं सगळे म्हणतात.

पाचव्या तासाला मी आपल्या दवाखान्यातली गोष्ट सांगते. नाव घेत नाही. ‘एक नवीन मुलगी होती’ अशी सुरुवात करते. त्या दवाखान्यात केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने खुणा करायची पद्धत होती. ‘भि.’ म्हणजे भित्रा. ‘क.’ म्हणजे कटकट्या. ‘उ.’ म्हणजे उशिरा उगवणारा. आणि ‘ऐ. ना.’ म्हणजे ऐकत नाही, हट्टी. इथपर्यंत मुली खूप हसतात. मग सांगते की त्या नवीन मुलीने एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या कागदावर ‘ऐ. ना.’ लिहिलं. तिला म्हणायचं होतं, ऐकू येत नाही. जिने वाचलं तिने वाचलं, ऐकत नाही. त्यामुळे त्या काकांशी कोणी नीट बोललंच नाही, मशीन सुरू झालेलं त्यांना कळलं नाही, त्यांनी मान वळवली आणि जीभ कापली गेली. चार टाके. मग मी फळ्यावर लिहिते: लिहायचं ते पूर्ण लिहा.

वाचणारी कोण होती ते मी सांगत नाही. कोणी विचारतही नाही.

तू म्हणशील, चिठ्ठीचं काय. त्या कागदाला तू सगळं सविस्तर लिहिलेली चिठ्ठी लावली होतीस असं तू तेव्हाही म्हणालीस. लावली असशील, मी नाही म्हणत नाही. पण केसपेपर दहा हातांतून जायचा, टाचण्याही मेल्या गुळगुळीत असायच्या. पडली असेल कुठेतरी. सहा वर्षं झाली बारके. आपण दोघींनी आता ते सोडून द्यायला हवं.

खरं काम पुढे आहे. यंदापासून संस्थेत मोठ्या वयाच्या बायकांनाही नर्सच्या परीक्षेला बसता येणार आहे. अर्ज जूनअखेरपर्यंत. तुझ्या कामाच्या दाखल्यावर डॉक्टरांनी ‘निष्काळजीपणामुळे कमी केले’ असं लिहून ठेवलंय, ते आडवं येईल. पण आता संस्थेत माझ्या शब्दाला वजन आहे. मी सांगून बघते, काहीतरी मार्ग निघेल. त्या चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर काचा पुसत बसणार आहेस का?

उत्तर पाठव. मला नको तर आईला.

तुझी ताई


गुरुवार, २१ मार्च

बारके,

पाकीट परत आलं. या वेळी फोडलेलं होतं आणि चिकटपट्टी लावून पुन्हा बंद केलेलं. माझ्याच पत्राच्या पाठीवर मधोमध तुझी एक ओळ. ‘टाचणी नव्हती. दोन पिना मारून स्टेपल केली होती.’ वर ताई नाही, खाली सही नाही.

मी ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं. आईने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, बरी आहे. आईने कवळी काढून ठेवली.

बरं. स्टेपल केलेली चिठ्ठी आपोआप गळून पडत नाही, एवढं मलाही कळतं. ती मी काढली होती.

आता नीट ऐक, मग काय ते म्हण. त्या दिवशी दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. तू एका बाईंना घेऊन एक्स-रेच्या खोलीत गेली होतीस. डॉक्टर आतून दोनदा हाक मारून गेले. मी हातमोजे घातलेले, ते ओले, त्यात घड्याळवाल्या काकांचा केसपेपर उचलला तर त्याला ही तुझी लांबलचक चिठ्ठी शेपटासारखी लटकलेली. तुझ्या चिठ्ठ्यांचा मला आधीपासून वैताग होता, ते काही मी लपवलं नव्हतं. ट्रेमध्ये लोळायच्या, भिजायच्या, शाई सगळीकडे. मी तुला दहादा सांगितलं होतं की कोपऱ्यात दोन बोटं जागा आहे, तेवढ्यात बसेल ते लिही. तू माझं ऐकून दोन अक्षरं लिहायचीस आणि शिवाय चिठ्ठीही लावायचीस. तर मी ती ओढून काढली आणि एप्रनच्या खिशात घातली. वाचत बसायला वेळ कुठे होता? कोपऱ्यात ‘ऐ. ना.’ दिसलं, म्हटलं, आला आणखी एक हट्टी.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू आत आलीस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मी त्यांच्या मागे उभी राहून मास्कमधून म्हणाले, तोंड उघडा. ते छताकडे बघत राहिले. मी परत म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "किती वेळा सांगायचं? लहान आहात का आता?" तेव्हा त्यांनी मान मागे करून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच तोंड उघडलं. मला वाटलं, बघा, ओरडल्याशिवाय कळत नाही लोकांना. डॉक्टरांनी भूल दिली. थोड्या वेळाने काकांनी डावा हात वर केला. मी तो धरून खाली दाबला आणि म्हणाले, "हात खाली. झालंच." त्यांनी पुन्हा वर केला, मी पुन्हा दाबला. तेवढ्यात मशीन लागलं, ते दचकले, माझा हात कुठून येतोय ते बघायला त्यांनी मान वळवली.

रक्त फार येतं जिभेचं. ते तुला सांगायला नको, पुसलंस तू.

डॉक्टरांनी दुपारी कागद मागवला. कोपऱ्यातलं लाल अक्षर तुझं. त्यांनी विचारलं, "ज्याला ऐकू येत नाही त्याला हे लिहिलं कोणी?" मी म्हणाले, हिने. ते खोटं नव्हतं. तू म्हणालीस, "मी चिठ्ठी लावली होती, सर." डॉक्टर माझ्याकडे वळले. "होती चिठ्ठी?"

मी म्हणाले, "मला नाही दिसली."

तीन शब्द. चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि माझा हात तिच्यावर होता. संध्याकाळी घरी जाऊन मी एप्रन धुवायला टाकला, खिसा न तपासता. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या एप्रनमधून पांढरा गोळा निघाला. मुद्दाम टाकला असं नाही म्हणता येणार. पण खिसे तपासल्याशिवाय मी कधी कपडे भिजवत नाही हे तुला माहीत आहे.

मला वाटलं होतं डॉक्टर तुला चार शब्द बोलतील आणि विसरतील. दाखल्यावर लिहितील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि नंतर बोलायचं तर रोज थोडा उशीर होत गेला.

परवा वर्गात पुन्हा ती गोष्ट सांगितली. पुढच्या बाकावर एक मुलगी बसते, तिला प्रत्येक गोष्टीचं शेपूट हवं असतं. ती म्हणाली, "मॅडम, त्या नवीन मुलीचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, तिने दुसरं काम धरलं.

"कुठलं?"

"चष्म्याच्या दुकानात आहे."

"तिला आवडतं का ते?"

सहा वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. मी फळा पुसायला वळले आणि तास संपेपर्यंत पुसत राहिले.

तुला आवडतं का ते, बारके?

ताई


मंगळवार, ९ एप्रिल

बारके,

मागचं पत्र तसंच परत आलं, बंद. म्हणजे आता आईचं अक्षरही चालेनासं झालं. हेही परत येईल असं धरूनच लिहिते आहे, त्यामुळे एक बरं आहे, कोणाला पटवायचं नाही.

परवा मी घड्याळवाल्या काकांकडे गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं दुकान आपल्या दवाखान्यापासून चार गल्ल्या सोडून आहे आणि मी इतकी वर्षं भाजी आणायला लांबच्या रस्त्याने जाते. एका माणसाला टाळायला रोज वीस मिनिटं जास्त चालले. तब्येत सुधारली असं सगळे म्हणतात.

दुकान म्हणजे एक टेबल, वर दिवा, आणि भिंतीवर एक आरसा असा टांगलेला की काम करताना दारात कोण आलं ते दिसावं. मी आत गेले. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. ओळखलं नाही. मी कोण ते सांगायला लागले, तरी कळेना. मग माझ्या लक्षात आलं की यांनी माझे फक्त डोळे पाहिले आहेत. मी हाताने नाक आणि तोंड झाकलं.

"हां," ते म्हणाले. "मोठ्या सिस्टर."

त्यांचा ‘र’ अजून नीट उमटत नाही, ‘ल’च्या जवळ कुठेतरी घसरतो. मी जोरात बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. बारके, तोच डावा हात. या वेळी मी थांबले.

"ओरडू नका," ते म्हणाले. "ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, मग मला वाचता येत नाहीत. इथे उजेडात बसा. सावकाश बोला, नेहमीच्या आवाजात."

एवढंच हवं होतं त्यांना. माझे ओठ दिसायला हवे होते आणि हात वर केला की थांबायला हवं होतं. वर्गात मी हे पाच तास शिकवते.

मी सगळं सांगितलं. तुला मागच्या पत्रात लिहिलं तेवढं सगळं, माझी पत्रं परत येतात तेही. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "पण ती चूक तर छोट्या सिस्टरची होती. तिने स्वतः येऊन सांगितलं मला."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही गोंधळ झाला. मी म्हटलं, कधी?

"टाके निघाले त्याच आठवड्यात. इथेच बसली होती, तुम्ही बसलाय तिथे. म्हणाली, मी अर्धवट लिहिलं, त्यामुळे झालं. मी तिला नको नको ते बोललो. जीभ सुजलेली, निम्मं तिला कळलंही नसेल. पण जे कळलं ते पुरेसं होतं. रडली नाही. दर आठवड्याला यायची, जीभ बघायची, कुठला घास कुठल्या बाजूने चावायचा ते कागदावर लिहून द्यायची. गाव सोडून गेली तरी पत्र पाठवते. अजून विचारते, ‘र’ आला का."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली होती का.

त्यांनी आठवून बघितलं. "म्हणाली होती, ताईची त्या दिवशी फार धावपळ झाली होती."

बारके, मला तिथे पाणी मागावं लागलं.

त्यांनी टेबलावरची बारीक चाकं एका वाटीत गोळा केली. मग म्हणाले, "तिसऱ्या महिन्यात मी तिला माफ केलं. मोठ्या मनाचा आव आणून केलं, तिच्या हातावर थोपटून. म्हणजे जिने काही केलं नाही तिला मी माफ केलं. आणि तिने ती माफी मुकाट्याने घेतलीसुद्धा."

त्यांचा राग माझ्यावर होता की स्वतःवर, मला कळलं नाही. मी म्हटलं, मला जे बोलायचं ते बोला. ते म्हणाले, "मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. मला तिच्याशी बोलायचंय." आणि पुढे म्हणाले, "तुमची पत्रं ती परत पाठवते ना? माझी नाही पाठवत. लिहा. माझ्या पाकिटातून जाईल. पण आधी मी वाचणार."

मी आठ पानं लिहून त्यांच्याकडे देणार आहे. हे पत्र मात्र मी पोस्टातच टाकते. बंद परत आलं तरी चालेल.

वर्गात काल सांगून टाकलं. ‘एक नवीन मुलगी होती’ म्हणून तोंड उघडलं आणि पुढे जाता येईना. मग म्हटलं, ती मुलगी माझी बहीण आहे आणि तिने पूर्ण लिहिलं होतं. मुलींनी वह्या मिटल्या. प्राचार्यांनी नंतर बोलावून घेतलं. पुढचे तास माझ्याकडे असतील असं वाटत नाही.

ताई


बुधवार, २४ एप्रिल

आदरणीय काका,

तुम्ही पेन्सिलीने खोडलेली आठ पानं मिळाली. खोडलं म्हणजे किती, दोन पानांचाही मजकूर उरला नाही. ओले हातमोजे गेले, भरलेल्या खुर्च्या गेल्या, डॉक्टरांच्या हाका गेल्या. मला झोप लागत नाही हे सांगणारं अख्खं पान तुम्ही एकाच तिरक्या रेघेने उडवलंत. समासात लिहिलंत, ‘हे तिला कशाला?’ मला राग आला होता. दोन दिवस पानं टेबलावर तशीच पडू दिली.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या पानाच्या तळाशी तुम्ही लिहिलेला प्रश्न दिसला. ‘काढण्याआधी चिठ्ठी वाचली होती का? हो किंवा नाही.’ आठ पानांत मी याचं उत्तर दिलेलं नाही हे तुमच्याच लक्षात यावं. उत्तर तिला फार आधीपासून माहीत असेल.

हो.

वाचली होती. पूर्ण. अजून पाठ आहे: ‘डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही, उजव्याने थोडं. समोर येऊन, मास्क खाली करून बोलावे. ओठ वाचतात. काही सुरू करण्याआधी खुणेने सांगावे. हात वर केला की थांबायचं कबूल केलं आहे. लहान मुलाला अंघोळीला बसवल्यासारखी मान धरू नये, अपमान वाटतो.’ शेवटच्या वाक्याखाली तिने रेघ मारली होती.

तुम्ही कारणं खोडता, म्हणून हे तिच्या पत्रात नाही, तुमच्या पत्रात लिहिते. मान मीच धरायची. दवाखान्यात दुसरं कोणी धरत नव्हतं. ती रेघ माझ्यासाठी होती. मी तिला या कामात आणलं, चिमटा कुठला आणि आरसा कुठला हे मी शिकवलं, आणि दोन वर्षांत बाहेरच्या बाकावरची माणसं विचारायला लागली, आज छोट्या सिस्टर नाहीत का? तुम्हीही विचारलं होतंत त्या दिवशी, खुर्चीत बसताना. मी म्हटलं, मी आहे ना. मग ती चिठ्ठी वाचली आणि मला वाटलं, ही मला शिकवणार. म्हणून काढली. तुमच्या मागे उभी राहिले तेव्हा तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, काका. मला दाखवायचं होतं की चिठ्ठीशिवायही काम होतं.

तुमची माफी मागायला मी दुकानात आले होते, तेव्हा एवढं सांगायचं राहिलं. राहिलं नाही, ठेवलं. माफी आता मागत नाही. तुमच्याकडची एक आधीच चुकीच्या माणसाकडे गेली आहे.

डॉक्टरांना लेखी दिलं आहे. त्यांनी वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. तिच्या दाखल्यावरचा शेरा रद्द केल्याचं पत्र त्यांनी सही-शिक्क्यानिशी दिलं आणि मला सोमवारपासून येऊ नका म्हणाले. दोन्ही बरोबर केलं. त्यांचं पत्र सोबत जोडते आहे, ते तिच्या पाकिटात घाला. स्टेपल केलं आहे.

तिचं पत्र मी नव्याने लिहिते. एकच पान असेल. आता त्यात तुम्हाला खोडण्यासारखं काही सापडू नये.

आपली,
मोठी सिस्टर


रविवार, २८ एप्रिल

बारके,

चिठ्ठी स्टेपल केलेली होती. मी ती पूर्ण वाचली आणि मग काढली.

काकांना ऐकू येत नाही हे माहीत असताना मी त्यांच्या मागून बोलले. त्यांनी हात वर केला की थांबायचं, हेही माहीत होतं. तो हात मी दोनदा दाबला.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा चिठ्ठी माझ्या खिशात होती. तू माझ्याकडे बघत होतीस. मी ‘मला नाही दिसली’ म्हणाले.

इतके दिवस मी वर्गात तुझी चूक म्हणून माझी चूक शिकवली. बाकी जे शिकवलं ते तुझ्या चिठ्ठ्यांमधलं होतं.

तू काही चुकीचं केलं नव्हतंस.

डॉक्टरांचं पत्र सोबत आहे. अर्ज जूनअखेरपर्यंत घेतात. करायचा की नाही ते तू ठरव, मी शब्द टाकणार नाही.

खाली ‘ताई’ लिहावं की नाही हे काकांना विचारलं. ते म्हणाले, ते मला कसं खोडता येईल, खोडायचं तर तिने खोडावं. म्हणून पेन्सिलीने लिहिलं आहे.

ताई